टॅगवरच्या नंबरावरून पेटंटवाल्या पीचचं घराणं कसं काढायचं

गेल्या वर्षी एका कृषी प्रदर्शनातनं माझ्या मेव्हण्यानं पीचचं कलम आणलं, साडेसहाशे रुपये मोजून. काळ्या पिशवीत पेन्सिलीएवढी काडी, तिला सात-आठ लांबट पानं, आणि काडीला तारेनं अडकवलेला पिवळा प्लास्टिकचा टॅग. टॅगवर 'अमेरिकन पेटंटेड पीच, लो चिलिंग, कोल्हापूरच्या हवेला योग्य' (लो चिलिंग म्हणजे हिवाळ्यात थंडी कमी लागणारं) आणि खाली पीपी, म्हणजे प्लांट पेटंट, लिहून पाच आकडी नंबर. रात्री फोन आला, "दाजी, पेटंटवालं हाय बघा. कागलच्या रानात अर्धा एकर लावू काय? उसाचा खोडवा मोडतो." मी म्हटलं बाबा खोडवा मोडू नको, एक रात्र थांब. जेवण झाल्यावर मोबाईलवर तो नंबर शोधला तर पेटंट उघडलं खरं, पण ते निघालं गुलाबाचं. फोटोसकट. इकडं गुलाब फुललेला आणि तिकडं आमचा गडी पीचच्या पेट्यांचं गणित मांडून बसलेला.

मग मी ह्यात जरा जास्तच शिरलो. आता ज्यांना कुणाला असा टॅग लावलेलं रोप कुणी गळ्यात मारायला बघतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कसं तपासायचं ते.

आधी एक गैरसमज काढा डोक्यातनं. पेटंट म्हणजे आयएसआय मार्क नव्हे. झाडाचं पेटंट एवढंच सांगतं की हे झाड नवं आहे, आधीच्यांपेक्षा वेगळं आहे आणि ठराविक वर्षं मालकाला विचारल्याशिवाय त्याची कलमं करायची नाहीत, विकायची नाहीत. गोड किती, माल किती निघणार, तुमच्या रानात येणार का, ह्यातल्या कशाचीच हमी त्यात नसते. पण एक फायदा मात्र जबरदस्त आहे, पेटंट पाहिजे असेल तर त्या माणसाला झाडाची सगळी कुंडली जाहीर करावी लागते, आई कोण, बाप कोण, कुठल्या गावात उगवलं, पान केवढं, फूल कसलं, कोय कशी, सगळं. आणि हा कागद कुणालाही फुकट वाचता येतो. स्थळ आलं की आपण कसं कुळ-घराणं विचारतो, मामा कोण, गाव कुठलं, तसंच हे, फक्त इथं मध्यस्थ लागत नाही.

झाडाचं पेटंट ही भानगड मुळात अमेरिकेतली, १९३० सालच्या कायद्यानं आलेली. त्यात अट अशी की झाड बियांपासून नाही तर कलम करून, डोळा भरून वाढवता आलं पाहिजे. आपल्या ऊसवाल्यांना हे समजवायला नको. ८६०३२ जातीची कांडी लावली की ८६०३२ च येणार, दुसरं काही येत नाही, तसंच पीचचा डोळा, म्हणजे काडीवरची कळी, खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, भरला की तेच झाड. कोय पेरली तर मात्र ते पोर आईसारखं निघेलच असं नाही. ह्या कायद्याखालचं पहिलं पेटंट १९३१ ला मिळालं ते पण एका गुलाबालाच, 'न्यू डॉन' नावाचा वेल (आमच्या टॅगवाल्यानं परंपराच पाळली म्हणायची). फळझाडातलं पहिलं मात्र पीचचं, १६ फेब्रुवारी १९३२, पेटंट नंबर ७, जेम्स मार्कम नावाच्या माणसाचा उशिरा पिकणारा पीच. आणि त्याच वर्षी १५ नंबरचं पेटंट ल्यूथर बरबँक ह्यांच्या पीचला मिळालं, तेव्हा बरबँक जाऊन सहा वर्षं झाली होती. तो पीच म्हणजे जुलाय एल्बर्टा. हिमाचलात आजही लावतात तो. म्हणजे जूनमध्ये मार्केट यार्डात हिमाचलच्या पेट्या उतरतात त्यात एखादी ह्या जुलाय एल्बर्टाची असली तर समजायचं की जगातल्या पहिल्या काही पेटंटवाल्या झाडांचं फळ आपण किलोवर घेतोय, आणि त्याचं पेटंट १९४९ लाच संपलंय.

आता कामाला लागूया.

टॅग हातात घेतला की तीन गोष्टी वेगळ्या करा. एक पेटंट नंबर, एक जातीचं खरं नाव, आणि एक विकायचं नाव. लोक ह्यातच घोळ घालतात. जातीचं नाव पेटंटच्या कागदावर असतं आणि ते पेटंट संपलं तरी बदलत नाही. विकायचं नाव हा ट्रेडमार्क, तो कंपनीचा. उदाहरण द्यायचं तर मिशिगनच्या पॉल फ्रायडे ह्यांचे पीच 'फ्लेमिन फ्युरी' नावानं विकले जातात, पण ती एक जात नाही, अख्खी लाईन आहे, लवकर येणाऱ्यापासून उशिरा येणाऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाचा पीएफनं सुरू होणारा वेगळा नंबर. नुसतं फ्लेमिन फ्युरी म्हणून रोप दिलं म्हणजे नुसतं 'बजाजची गाडी' म्हणून विकल्यासारखं झालं, चेतक का पल्सर ते सांग की लेका. चपटा डोनटसारखा पीच असतो, तो 'सॅटर्न' म्हणून प्रसिद्ध झाला, पण रटगर्स विद्यापीठाच्या ब्रीडिंगमधलं त्याचं मूळ नाव एनजेएफ२. अशी दोन नावं असतील तर दोन्ही लिहून घ्या.

नंबर शोधायला गूगल पेटंट्स सगळ्यात सोपं. इंग्रजी अक्षरात यूएसपीपी लिहायचं, स्पेस न देता पुढं नंबर आणि शेवटी पी२ किंवा पी३ असं टाकून बघायचं. पी२ आणि पी३ दोन्ही म्हणजे पेटंट मिळालेलं, पी१ असेल तर तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज आहे, मिळालं का नाही ते अजून बघावं लागतं. उघडल्या उघडल्या पहिलं काय बघायचं तर शीर्षक. तिथं पीच ट्री असं आहे का? हसू नका, आमचं तिथंच अडलं.

मग तारीख. ८ जून १९९५ च्या आधी अर्ज केलेल्या जुन्या पेटंटांना मिळाल्यापासून १७ वर्षं असायची (त्या दिवशी चालू असलेल्यांना १७ किंवा अर्जापासून २०, जे जास्त ते), त्या दिवसापासून पुढच्या अर्जांना अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. हिशोब स्वतः करा. कॅलिफोर्नियातल्या ग्रँट मेरिल ह्यांचा ओ'हेन्री घ्या, पेटंट १९७० चं, म्हणजे १९८७ ला मोकळा. अजूनही भारी पीच आहे, नवीन जातींच्या कागदात 'ओ'हेन्रीच्या अमुक दिवस आधी पिकतो' असं मोजमाप लावतात इतका तो ओळखीचा, पण त्याच्यावर कुणी आज पेटंटच्या नावानं जास्तीचे पैसे मागत असेल तर सरळ हात जोडायचे. आणि रेडहेवन, एल्बर्टा हे तर पेटंटमध्ये कधी नव्हतेच. एल्बर्टा तर कायद्याच्याही आधीचा, जॉर्जियातल्या सॅम्युअल रम्फ ह्यांच्या बागेत १८७० च्या दशकात चायनीज क्लिंगच्या कोयीतनं उगवलेला, बायकोचं नाव क्लारा एल्बर्टा म्हणून झाडाला एल्बर्टा. ज्यानं त्यानं डोळे नेऊन भरले आणि अमेरिकाभर झाला.

आता खरा रस आहे तो उगमाच्या परिच्छेदात. इंग्रजीत ओरिजिन असं लिहिलेलं असतं, एखादं पान असतं, पण तेच नीट वाचा. झाड चार वाटांनी आलेलं असतं. एक, मुद्दाम केलेला संकर, तिथं आई-बापाची नावं असतात, आणि बऱ्याच वेळा नावं नसून ब्रीडरचे कोड नंबर असतात. मोडेस्टोच्या फ्लॉइड झायगर ह्यांच्या घराण्याची पेटंटं शेकड्यानं आहेत, त्यात ही कोडची भाषा लय सापडते. दोन, आई माहीत, बाप माहीत नाही, म्हणजे उघड्यावर परागीभवन झालेलं बी लावून त्यातनं निवडलेलं. तीन, कुठंतरी बांधाला आपोआप उगवलेलं. आणि चार, फांदीतला बदल, ह्याला स्पोर्ट म्हणतात. हा प्रकार आपल्याकडं नवा नाही, शेजारच्या तासगावच्या द्राक्षवाल्यांना विचारा, तास-ए-गणेश थॉमसनमधूनच निघाली, सोलापूरकडची सोनाका पण तशीच. पीचमध्ये एखादी फांदी दहा दिवस आधी पिकायला लागते किंवा जास्त लाल फळ देते, बागायतदाराच्या लक्षात येतं, तो तिचे डोळे काढून वेगळी जात करतो. एवढंच कशाला, लव नसलेला गुळगुळीत नेक्टरीन पण पीचच आहे, एका जनुकाचा फरक, आणि पीचच्या झाडावर एखाद्या फांदीला नेक्टरीन लागल्याची उदाहरणं आहेत. पीच आणि प्लमचा क्रॉस म्हणून नेक्टरीन विकणारे फळवाले मी स्वतः ऐकलेत, जाऊ दे.

उगम वाचून काय कळतं? स्पोर्ट असेल तर बाकी सगळे गुण आईचेच, आईची जात कुठं येते तेवढं शोधलं की निम्मं काम झालं. संकर असेल तर आई-बापात कुणी उष्ण भागातलं आहे का ते बघायचं. हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. फ्लोरिडा विद्यापीठात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राल्फ शार्प ह्यांनी हेच काम सुरू केलं, ओकिनावा आणि दक्षिण चीनकडचे थंडी कमी मागणारे पण फळाला साधारण असे पीच घेतले, आणि उत्तरेकडच्या चांगल्या फळाच्या जातींशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवत नेले. त्यातनं फ्लोरडाप्रिन्स आला, पुढं यूएफ नाव लावलेल्या जाती आल्या, यूएफसन, यूएफबेस्ट, यूएफगोल्ड वगैरे. एकाचं नाव यूएफशार्प आहे, ते कुणाच्या नावावरनं हे सांगायला नको.

गुणांचा भाग कागदात सगळ्यात लांब असतो, झाडाची उंची, सालीचा रंग, पाकळीचा आकार, कोयीवरच्या खाचा, रंगांना तर चार्टचे नंबर. सगळं वाचत बसू नका. मी पाच-सहा गोष्टीच बघतो.

गराचा प्रकार समजून घ्यायला कागदापेक्षा फळ बरं. लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं दोन पीच घ्या, एक जरा कच्चट एक पिकलेला. शिवणीसारखी जी खाच असते देठापासून टोकापर्यंत तिच्यावरनं सुरी गोल फिरवा, आणि दोन्ही हातांनी अर्धे उलट-सुलट पिळा. कोय एका बाजूला कोरडी टक्कन सुटली तर फ्रीस्टोन. गर फाटून कोयीला चिकटून राहिला, बोटं बरबटली, तर क्लिंगस्टोन. मधले पण असतात. आता पिकलेल्याचा गर अंगठ्यानं दाबा, लोण्यासारखा विरघळतो का? तो मेल्टिंग. दुसरा प्रकार नॉन-मेल्टिंग, तो पूर्ण पिकला तरी रबरासारखा टणक राहतो, डब्यात भरायचे पीच पूर्वीपासून असलेच. फ्लोरिडावाल्यांनी हाच टणकपणा खायच्या पीचमध्ये आणला, म्हणजे फळ झाडावर नीट पिकवून मग काढता येतं आणि ट्रकमध्ये चेपत नाही. आमच्या आईचं मत वेगळं, तिला टणक पीच दिला तर म्हणाली "हे काय, पेरूच खाल्ल्यागत." आईला मेल्टिंगच पाहिजे, रस कोपरापर्यंत आला पाहिजे. तिच्याच तोंडी ह्या फळाचं जुनं नाव सप्ताळू मी पहिल्यांदा ऐकलं, फारसीतल्या शफ्तालूवरनं आलेलं.

बाकीचं पटापटा सांगतो. गर पिवळा का पांढरा. आंबटपणा कमी का नेहमीचा, आपल्याकडं बहुतेकांना कमी आंबट आवडतो. लाली किती टक्के, पण लाली म्हणजे गोडी नाही, लाल दिसणारा बेचव पीच मी भरपूर खाल्लाय. ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, दिला असेल तर बघा पण त्याच्यावर जाऊ नका, तो त्यांच्या मातीत त्यांच्या उन्हात मोजलेला आहे, आणि कागदातच लिहिलेलं असतं की हवा, माती, मशागत बदलली की वर्णन थोडं बदलेल. फूल आल्यापासून फळ पिकेपर्यंत दिवस किती हे मात्र नोंदवून ठेवा, कारण पिकण्याची तारीख कॅलिफोर्नियाची असते, ती आपल्या काही कामाची नाही, दिवसांचा आकडा निदान अंदाज देतो. जेवढे दिवस कमी तेवढं फळ पावसाच्या आधी हातात.

एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडली. पीचच्या पानाचा देठ जिथं पानाला मिळतो तिथं बारीक मोहरीच्या टोकाएवढ्या गाठी असतात, ग्रंथी म्हणतात त्यांना. काही जातींत त्या गोल असतात, काहींत घेवड्याच्या दाण्यासारख्या, काहींत नसतातच. पेटंटमध्ये हे हमखास लिहिलेलं असतं, आकार, संख्या, जागा. म्हणजे फळ यायच्या दोन वर्षं आधी, रोप पिशवीत असतानाच तुम्ही भिंगानं पान बघून कागदाशी ताडून बघू शकता. गोल लिहिलंय आणि पानावर घेवडा दिसतोय तर ते झाड ते नव्हेच. जुळलं म्हणून तेच आहे असं सिद्ध होत नाही, पण खोटं पकडायला एवढं पुरतं.

आणि त्याच्याही आधी खोड बघा. मी रविवारी कागलला गेलो, पिशवी उचलली, मातीपासनं वर टीचभर, दीड टीच बोट फिरवत नेलं. कलम असेल तर तिथं जोड लागतो हाताला, थोडा बाक येतो, खालची साल वेगळी वरची वेगळी दिसते, डोळा भरलेला असेल तर खुंट कापलेली तिरकी जखम भरलेली दिसते. मेव्हण्याच्या रोपाला काहीच नव्हतं. मातीतनं शेंड्यापर्यंत एक सरळ गुळगुळीत काडी. म्हणजे बियाणी रोप, कुठल्यातरी कोयीतनं उगवलेलं. पेटंटवाली जात बियांतनं करतच नाहीत, मग नंबर कुठला का असेना. साडेसहाशे रुपयांचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला. मेव्हणा म्हणाला, "मग त्यानं कलम म्हणून का सांगितलं?" आता काय बोलायचं.

समजा नंबर खरा आहे, जोड खरा आहे, पान जुळतंय. तरी कोल्हापूरकरांसाठी शेवटचा दरवाजा उरतो, थंडीचा. पीच हिवाळ्यात पानं गाळून झोपतो आणि ठराविक तास थंडी मिळाल्याशिवाय नीट उठत नाही. जुना हिशोब ७.२ अंश सेल्सिअसच्या खालचे तास मोजायचा. एल्बर्टा, रेडहेवनला हे ८५०-९५० च्या घरात लागतात, फ्लोरडाप्रिन्सला साधारण १५०, यूएफसनला १०० च्या आसपास. ऐकायला १०० म्हणजे किरकोळ वाटतं. पण आपल्याकडं जानेवारीत पहाटे पारा असतो १४-१५ ला, रंकाळ्यावर स्वेटर घालून फिरणाऱ्याला थंडी वाजते ती वेगळी, पीचला ती थंडी वाटतच नाही. त्यात दुपारी ३० अंश. ज्या नव्या पद्धतीत युनिट मोजतात तिच्यात तर दुपारच्या उकाड्याचे तास वजा होतात, म्हणजे रात्री कमावलं ते दुपारी गेलं. आपल्या जिल्ह्याचं खातं शून्याच्या आसपासच. पन्हाळा थोडा थंड, पण तोही त्या आकड्याच्या जवळ जात नाही. पंजाबात शान-ए-पंजाब आणि फ्लोरडाप्रिन्स येतात म्हणून कुणी उदाहरण देईल, तर तिथली डिसेंबर-जानेवारीतली धुक्याची थंडी आठवा. उष्ण कटिबंधातल्या काही डोंगरी भागांत हातानं पानं काढून झाडाला जबरदस्तीनं फुलवतात हे खरं आहे, पण ती डोंगराची उंची आणि ती मजुरी हिशोबात धरून. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, हौस म्हणून परड्यात एखादं झाड लावा, खोडवा मोडून अर्धा एकर अजिबात नको. टॅगवर चिलिंगचा आकडा नसेल, नुसतं लो चिलिंग लिहिलं असेल, तर त्या शब्दाला काही किंमत नाही, हिमाचलवाल्याला ४०० पण लोच.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेतलं पेटंट अमेरिकेत चालतं. आपल्याकडं १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(जे) नुसार झाडं, बियाणं, वाण ह्यांना पेटंटच मिळत नाही. त्याऐवजी वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ चा, त्यात वाणाची नोंदणी होते, झाडं आणि वेलींना जास्तीत जास्त १८ वर्षं, इतर पिकांना १५. नोंदलेल्या वाणाचं बियाणं शेतकऱ्यानं राखून ठेवणं, लावणं, शेजाऱ्याला देणं, विकणं सुद्धा चालतं, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. तरीपण 'इथं पेटंट नाही, मग काय फरक पडतो' म्हणून परदेशातनं बॅगेत काड्या आणायचा उद्योग कुणी करू नका, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना लागतो, रोगमुक्तीचा दाखला लागतो, आल्यावर रोपं वेगळी ठेवून तपासतात. आणि हे उगीच नाही, एक विषाणू आणला तर हिमाचलच्या बागा धोक्यात. नाशिककडं आरा जातीची द्राक्षं लावलीत ती रीतसर लायसन्सवर, तसा कागद असतो, दाखवता येतो.

म्हणून नर्सरीवाल्याला विचारायचं ते एवढंच, तेही गोडीत विचारा, भांडण नको: दादा, जातीचं नाव इंग्रजीत ह्या कागदावर लिहून द्या. खुंट कुठला वापरलाय? मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्या काड्या घेतल्या ते झाड, कुठं आहे, बघायला मिळेल काय? काड्या बाहेरनं आल्या असतील तर आयातीचा कागद किंवा लायसन्सची झेरॉक्स? पक्कं बिल, त्यावर जातीचं नाव. खरं काम करणारा माणूस ह्यातलं निम्मं तरी लगेच देतो, उलट खूश होतो कुणीतरी विचारणारं आलं म्हणून. आमच्या स्टॉलवाल्याला मी फोन केला तर त्यानं "साहेब, टॅग वरनंच येतात" म्हणून ठेवून दिला.

खोडवा वाचला. रोप मेव्हण्यानं गोठ्यामागं लावलंय, शेणपाण्यावर डोक्याएवढं झालंय, पण हिवाळा संपला तरी अर्धी जुनी पानं तशीच झाडावर आणि फुलाचा पत्ता नाही. टॅग त्यानं काढला नाही. घरी कोण आलं की गोठ्यामागं नेतो आणि दाखवतो, "हे बघा, आमच्या दाजींनी शोधलेला गुलाब."